जुवाखालचा नकार

आपल्या मंडळाच्या मागील बैठकीत ‘साहित्यातील मुके प्राणी’ या विषयावर चर्चा झाली. एका तरुण सभासदाने अलास्कातील स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांवरचा एक चित्रपट पाहिला होता. बर्फातून शेकडो मैल धावणाऱ्या त्या कुत्र्यांबद्दल तो भारावून बोलला. त्यावर एक ज्येष्ठ स्नेही म्हणाले, ‘‘त्यांचे कुत्रे, आपले बैल. तिकडे स्लेजची शर्यत, इकडे शंकरपट. माणूस सगळीकडे सारखाच.’’ सभा हसली आणि विषय पुढे गेला. मी त्या दिवशी काही बोललो नाही. ते विधान मला अर्धेच खरे वाटले होते. परंतु उरलेले अर्धे कोणते, हे त्या क्षणी सांगता आले नसते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या बैठकीला दिलेले माझे उशिराचे उत्तर आहे.

आरंभीच हे सांगितले पाहिजे की, या विषयाकडे मी तटस्थपणे पाहू शकत नाही. बोरगाव, सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यातील मराठी घरांत बैल हे केवळ शेतीचे साधन कधीच नव्हते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीला बैलाच्या खांद्यावरून हळद-लोण्याचा हात फिरवताना माझे वडील काही बोलत नसत. पण त्यांचा चेहरा देवघरात असावा तसा असे. आणि तेच वडील हिवाळ्यात पट भरला की जोडी घेऊन जात. हलकी गाडी, तिला जुंपलेली दोन तरणी जनावरे, पुढे मोकळी केलेली सरळ वाट, आणि सेकंद मोजणारे घड्याळ. धुरकऱ्याने आरोळी दिली की काही क्षणांत सारे संपून जाई. त्या काही क्षणांसाठी वर्षभर बैलाला सरकी, उडदाचे पीठ आणि अंडी चारलेली मी पाहिली आहेत. ज्या हाताने ते चारले, त्याच हातात तुतारी असे, हेही पाहिले आहे. प्रेम आणि टोचणी एकाच मुठीत कशी राहतात, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. तो पडला पुस्तकांमुळे, आणि त्या पुस्तकांविषयीच मला येथे लिहावयाचे आहे.

यांतील पहिले पुस्तक म्हणजे जॅक लंडन यांची ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ ही १९०३ साली प्रसिद्ध झालेली लहानशी कादंबरी. नागपूरला महाविद्यालयात असताना ती मी प्रथम वाचली आणि एका साहसकथेपलीकडे तिच्यात मला काही दिसले नाही. १८९७ साली वयाच्या एकविसाव्या वर्षी लंडन क्लोंडाइकच्या सोन्याच्या शोधात कॅनडाच्या उत्तरेस गेले आणि दुसऱ्या वर्षी रोगाने जर्जर होऊन रिकाम्या हाताने परतले. सोने मिळाले नाही, पण गोष्ट मिळाली. त्या काळी उत्तरेकडील हिवाळ्यात टपाल, शिधा, औषधे आणि माणसे वाहून नेण्यास कुत्र्यांच्या स्लेजवाचून दुसरे भरवशाचे साधन नव्हते. हजारो माणसे अचानक त्या मुलुखात घुसली आणि धडधाकट कुत्र्याला सोन्याचा भाव आला. लंडन यांचा नायक बक हा असाच भाव आल्यामुळे चोरीस गेलेला कुत्रा आहे. कॅलिफोर्नियात एका न्यायाधीशाच्या बंगल्यावर सुखाने राहणाऱ्या बकला घरचाच माळीकाम करणारा नोकर विकतो, एक लाल स्वेटरवाला माणूस सोटा मारून त्याला आज्ञाधारक बनवतो, आणि पुढे तो स्लेजला जुंपला जातो.

या कादंबरीतील सर्वांत गाजलेला प्रसंग पैजेचा आहे. बकचा शेवटचा मालक जॉन थॉर्नटन एका गुत्त्यात बढाई मारून बसतो की, माझा कुत्रा हजार पौंडांची स्लेज बर्फातून उखडून शंभर यार्ड ओढील. हजार पौंड म्हणजे सुमारे साडेचारशे किलो. पैज लागते, माणसे जमतात, पिठाच्या वीस पोत्यांनी लादलेल्या स्लेजला बक जुंपला जातो. थॉर्नटन चाबूक उचलत नाही. तो बकच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटतो आणि बक ती स्लेज ओढून दाखवतो. हा प्रसंग वाचताना मला आमचा पट आठवला नसता तरच नवल. तीच गर्दी, तेच ओरडणे, तोच पैसा, आणि शर्यत संपल्यावर मालकाच्या डोळ्यांत येणारे तेच पाणी. आमचे स्नेही म्हणाले ते येथपर्यंत बरोबर आहे.

परंतु या प्रसंगातच लंडन यांची एक हातचलाखीही आहे. वाचकाचे लक्ष ते थॉर्नटनच्या प्रेमावर खिळवून ठेवतात. त्यामुळे बढाई थॉर्नटनची होती, कर्ज फिटले ते थॉर्नटनचे, आणि छाती फुटण्याची वेळ आली ती मात्र बकची, या हिशेबाकडे आपण पाहत नाही. हेच काम लाल स्वेटरवाल्याने सोट्याच्या बळावर करून घेतले असते, तर आपण त्याला क्रौर्य म्हटले असते. थॉर्नटन ते मायेने करून घेतो म्हणून आपण टाळ्या वाजवतो. प्रेमाने मागितले म्हणून ते मागणे न्याय्य ठरते का? कादंबरी या प्रश्नापाशी थांबत नाही. मात्र याच कादंबरीतील दोन वेगळे प्रसंग या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास उपयोगी पडतात. आणि माझ्या मते पैजेच्या प्रसंगापेक्षा तेच अधिक मोलाचे आहेत.

पहिला प्रसंग डेव्ह नावाच्या कुत्र्याचा आहे. डेव्ह हा स्लेजच्या सर्वांत जवळ जुंपला जाणारा, अबोल, कामसू कुत्रा. टपाल घेऊन परतताना त्याच्या पोटात काहीतरी बिघडते. स्लेज हाकणारा दयेने त्याला मोकळा करतो आणि त्याच्या जागी दुसरा कुत्रा लावतो. डेव्हला ही दया सोसवत नाही. बाजूच्या भुसभुशीत बर्फातून धडपडत तो आपल्या जागेकडे धाव घेतो, दुसऱ्या कुत्र्याच्या ओढपट्ट्या दातांनी तोडतो आणि त्या जागी येऊन उभा राहतो. शेवटी माणसे त्याला पुन्हा जुंपतात, कारण मरायचेच असेल तर त्याने कामात मरावे असे त्यांना वाटते. दुसऱ्या दिवशी त्याला उठवतही नाही. तांडा पुढे निघतो, हाकणारा एकटा मागे जातो, आणि बंदुकीचा एक आवाज येतो.

दुसरा प्रसंग खुद्द बकचा. हॅल, चार्ल्स आणि मर्सिडीज हे तीन अडाणी हौशी प्रवासी बकच्या तुकडीचे मालक झालेले आहेत. ओझे अवाढव्य, शिधा अपुरा, आणि वसंत ऋतू लागून नदीवरचे बर्फ विरघळू लागलेले. थॉर्नटनच्या छावणीपाशी ते थांबतात. बर्फ पोकळ झाले आहे, पुढे जाऊ नका, असे तो सांगतो. हॅल ऐकत नाही, चाबूक ओढतो. इतर कुत्रे कण्हत उठतात. बक उठत नाही. मार पडतो, तरी उठत नाही. थॉर्नटन मध्ये पडून त्याला सोडवतो. बाकीची स्लेज पुढे जाते आणि थोड्याच अंतरावर बर्फ फुटून माणसे आणि कुत्रे नाहीसे होतात.

डेव्ह आणि बक हे दोघे एकाच जुवाखालचे आहेत. एक मरेपर्यंत जुंपून घ्या म्हणतो; दुसरा मेलो तरी उठणार नाही म्हणतो. लंडन यांनी एकाच पुस्तकात ही दोन टोके मांडली, येथे त्यांची खरी थोरवी आहे. शर्यतीचे समर्थक, मग ते अलास्कातले असोत की विदर्भातले, नेहमी डेव्हचा दाखला देतात. ‘‘त्याला धावण्याची हौस असते हो, दावे सोडले की तोच पटाकडे ओढतो.’’ हे खोटे नाही. आमच्याकडील एक म्हातारा बैल जुवातून काढल्यावरही कितीतरी दिवस औताच्या बाजूबाजूने तासातून चालत असे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु ज्या जनावराला कामाखेरीज दुसरे आयुष्य ठाऊकच करून दिले नाही, त्याची कामाची ओढ म्हणजे संमती मानावी काय? आणि उलट, ती ओढ केवळ सवय आहे असे म्हणून झिडकारावी, तर ज्या एका गोष्टीत त्या जनावराला आपले असे काही वाटते, तीही आपण हिरावून घेतो. डेव्हचा हाकणारा याच पेचात सापडतो. लंडन त्याच्यावर निर्णय लादत नाहीत, हे त्यांचे संयमित लेखन.

अर्थात या लेखकाचे दोष झाकून त्याची थोरवी सांगणे हे समीक्षेचे काम नव्हे. बकच्या रक्तातून आदिम पूर्वजांच्या स्मृती जाग्या होतात, ही कल्पना त्या काळच्या अर्धकच्च्या विज्ञानाची आहे आणि लंडन तिच्यावर नको तितका भार टाकतात. मर्सिडीज ही व्यक्तिरेखा नव्हेच, स्त्रियांविषयीच्या एका ठरीव समजुतीचे ते चित्र आहे. याहून गंभीर दोष शेवटच्या भागात आहे. ‘यीहॅट’ नावाची एक काल्पनिक आदिवासी जमात येऊन थॉर्नटनला ठार करते, आणि बक तिचा सूड घेतो. वास्तविक स्लेज, तिची जुंपणी आणि तिला ओढणारी कुत्र्यांची जात हे सारे उत्तरेकडील मूळ रहिवाशांचे देणे आहे. सायबेरियाच्या उत्तरेस झोखोव्ह बेटावर मिळालेले अवशेष पाहता, सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीही तेथील माणसे स्लेजसाठी कुत्रे बाळगीत होती. ज्यांनी ही विद्या घडवली, ते लंडन यांच्या पानांवर केवळ बाण मारण्यापुरते येतात. उपऱ्यांची गोष्ट सांगताना घरधन्याला चोर ठरवावे, तसा हा प्रकार आहे.

त्या काळी अमेरिकेतही लंडन यांच्यावर वेगळ्या बाजूने टीका झाली. जनावरांच्या डोक्यात माणसाचे विचार घालणारे हे ‘निसर्गाचे बनावटकार’ आहेत, असा आरोप जॉन बरोज या निसर्गलेखकाने काही समकालीन लेखकांवर १९०३ साली केला. पुढे १९०७ साली खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट त्या वादात उतरले आणि त्यांनी लंडन यांचेही नाव घेतले. लंडन यांनी १९०८ साली एक लेख लिहून त्याला उत्तर दिले. हा वाद आज जुना झाला असला, तरी त्यातील प्रश्न जुना झालेला नाही. तो प्रश्न घेऊन मी माझ्या दुसऱ्या पुस्तकाकडे वळतो.

आम्ही सीमेवरची माणसे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले, आणि आमचा सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी टापू मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे घरी तुकाराम आणि शाळेत प्रेमचंद, असे आमचे भरणपोषण झाले. तोटा झाला असेल, पण प्रेमचंद लाभले ही कमाई लहान नाही. त्यांची ‘दो बैलों की कथा’ १९३१ची आहे. झूरी नावाच्या शेतकऱ्याचे हीरा आणि मोती हे दोन बैल मालकाच्या सासुरवाडीस पाठवले जातात. तेथे गया त्यांना राबवतो, मारतो, सुका कडबा टाकतो. ते पळतात, पुन्हा पकडले जातात, कांजी हाऊसमध्ये कोंडले जातात, लिलावात एका कसायाला विकले जातात, आणि अखेर ओळखीची वाट दिसताच धावत घरी येतात.

प्रेमचंदांचे बैल बोलतात, विचार करतात, शत्रू पडल्यावर त्याला मारू नये असा धर्मही सांगतात. बरोज यांनी ही कथा वाचली असती, तर त्यांनी कपाळाला हात लावला असता. सविनय कायदेभंगाच्या त्या दिवसांत गुलामी आणि स्वातंत्र्य यांचे रूपक लेखकाच्या मनात होते, हे उघड आहे. आणि त्या रूपकाच्या भाराखाली हीरा-मोती काही ठिकाणी बैल न राहता विचारांचे वाहक होतात, हा दोष मी मान्य करतो. तरीही या कथेचा कणा जेथे आहे, तेथे शब्द नाहीत. गया नांगराला जुंपतो, आणि दोघे पाऊल उचलत नाहीत. मार पडतो, तरी उचलत नाहीत. बर्फावर न उठणारा बक आणि नांगरात न हलणारे हीरा-मोती यांच्यामध्ये अर्धी पृथ्वी आणि अठ्ठावीस वर्षे आहेत. एकाचा निर्माता दर्यावर्दी, बंडखोर, गोरा. दुसरा शाळाखात्यात नोकरी केलेला संसारी कायस्थ. तरी दोघांनाही जनावराचे मन कळले ते एकाच ठिकाणी, त्याच्या नकारात. जनावराची आज्ञाधारकता आपल्याला त्याच्याविषयी काही सांगत नाही. ती फक्त मालकाविषयी सांगते. जनावर स्वतः प्रकट होते ते नाही म्हणताना.

हेच सूत्र धरून या दोन लेखकांच्या आणखी दोन कथा शेजारी ठेवून पाहाव्यात, असे मी वाचकांस सुचवीन. लंडन यांची ‘टू बिल्ड अ फायर’ आपल्या गाजलेल्या रूपात १९०८ साली प्रसिद्ध झाली. प्रेमचंदांची ‘पूस की रात’ १९३०ची. दोन्हींत एक माणूस, एक कुत्रा आणि जीवघेणी थंडी. लंडन यांचा निनावी प्रवासी उणे ७५ अंश फॅरनहाइटमध्ये शेकोटी पेटवू शकत नाही, तेव्हा कुत्र्याला मारून त्याच्या ऊबदार देहात हात घालावे असा विचार त्याच्या मनात येतो. तो हाक मारतो. कुत्र्याला त्या आवाजात काहीतरी परके जाणवते आणि तो बिचकतो. तो पुन्हा नकारच. प्रेमचंदांचा हल्कू कांबळासाठी साठवलेले तीन रुपये सावकाराला देऊन बसलेला आहे. पिकाची राखण करताना थंडीने कासावीस होऊन तो जबरा कुत्र्याला उराशी धरतो. त्याच्या अंगाच्या दुर्गंधीचीही त्याला किळस येत नाही. एकाला कुत्र्याची ऊब हवी म्हणून कुत्रा मेलेला हवा. दुसऱ्याला ऊब हवी म्हणून तो जिवंत हवा.

पण येथेही ‘ते क्रूर, आपण दयाळू’ असा स्वस्त निष्कर्ष कोणी काढू नये. नीलगायी शेतात शिरतात तेव्हा जबरा रात्रभर भुंकत राहतो आणि हल्कू राखेच्या उबेत पडून राहतो. कुत्रा आपला धर्म पाळतो, माणूस थकलेला आहे. प्रेमचंद हल्कूला दोष देत नाहीत, कारण त्याला थकवणारी व्यवस्था त्यांना दिसते आहे. हल्कू स्वतःच जुंपलेला आहे. शेत उजाड झाल्यावर त्याला वाटणारी सुटका हाही एक नकारच आहे, जुवाखालच्या माणसाचा.

आता आपल्या मराठीकडे यावे. बैल आमच्या कवितेत, ओवीत, लोकगीतात भरून आहे. कुत्राही आहे, दत्ताच्या पायाशी आहे, खंडोबाच्या संगतीत आहे, भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांच्या कथेत आहे. हिमालयाच्या बर्फातून धर्मराजाच्या मागे चालत गेलेला महाभारतातील कुत्रा तर सर्वांच्या परिचयाचा. आणि आमच्या बोरगावहून जवळच असलेल्या सावनेर येथे २३ जानेवारी १९१९ रोजी ज्यांनी देह ठेवला, त्या राम गणेश गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ या अपूर्ण नाटकाच्या संदर्भात रायगडावरच्या वाघ्याची आठवण आजही निघते. मात्र या सर्व ठिकाणी एक गोष्ट समान आहे. कुत्रा हा कुत्रा राहत नाही. तो वेद होतो, विठ्ठल होतो, यमधर्म होतो, निष्ठेचे स्मारक होतो. जनावराला देवत्व देणे ही आपली उदारता खरी. पण देव झालेल्याच्या खांद्याला सूज आली आहे का, हे कोणी पाहत नाही. जनावराला जनावर म्हणून पाहण्याची शिस्त मराठी कथात्म वाङ्मयात उशिरा आली. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’मध्ये ती मला सर्वांत शुद्ध रूपात दिसते. वानरांच्या टोळीतील सत्तासंघर्ष त्यांनी माणसाचा उपदेश न मिसळता लिहिला. परंतु ती रानातली वानरे आहेत. जुवाखालच्या, पटावरच्या जनावराची कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही. तो विषय आपल्या इतका जवळचा आहे की, बहुधा म्हणूनच तो लिहिणे अवघड जात असावे.

साहित्याबाहेरच्या धावण्याचाही थोडा विचार केला पाहिजे. १९२५च्या जानेवारीत अलास्कातील नोम गावात घटसर्पाची साथ आली. विमान उडू शकत नव्हते. सुमारे ६७४ मैलांचे अंतर वीस हाकणाऱ्यांनी आणि त्यांच्या कुत्र्यांनी टप्प्याटप्प्याने साडेपाच दिवसांत कापून २ फेब्रुवारीला प्रतिविष पोहोचवले. शेवटच्या टप्प्यातील बाल्टो जगप्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या उद्यानात त्याचा पुतळा उभा राहिला. सर्वांत लांब आणि सर्वांत धोक्याचा टप्पा मात्र लिओनार्ड सेप्पाला यांच्या तुकडीने, टोगो या म्होरक्याच्या मागे, पार केला होता. हाकणाऱ्यांपैकी अनेक जण तेथील मूळ रहिवासी होते. त्यांची नावे फारशी कोणी घेत नाही. शेवटचा माणूस दिसतो, मधले विसरले जातात, हे सरकारी कामात आयुष्य घालवलेल्या मला निराळे समजावून सांगावे लागत नाही.

पुढे बर्फावर चालणारी यंत्रे आली आणि गावोगावचे स्लेजचे कुत्रे कमी होऊ लागले. ती परंपरा टिकावी या हेतूने १९७३ साली अँकरेज ते नोम अशी सुमारे हजार मैलांची ‘इडिटारॉड’ शर्यत सुरू झाली. पहिल्या विजेत्याला वीस दिवस लागले होते. २०१७च्या विजेत्याने ती आठ दिवस आणि काही तासांत पूर्ण केली. या वेगाची किंमत कोण देते, यावर तेथे कडाक्याचा वाद आहे. २०२४च्या शर्यतीत तीन कुत्रे दगावले. दुसऱ्या बाजूस हेही नोंदवले पाहिजे की, या शर्यतीत चोवीस तासांची एक आणि आठ तासांच्या दोन अशा सक्तीच्या विश्रांती आहेत, वाटेतल्या ठाण्यांवर पशुवैद्य असतात, आणि थकलेल्या कुत्र्याला तेथेच उतरवून परत पाठवता येते. म्हणजे निदान कागदावर तरी कुत्र्याच्या वतीने ‘नाही’ म्हणणारा कोणी तरी तेथे नेमलेला आहे.

आपल्याकडे ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतींवरही बंदी घातली. बैलाची शरीररचना शर्यतीसाठी नाही, असे न्यायालयाने म्हटले. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. गुलाल उधळला गेला. मला त्या आनंदाचा राग येत नाही. त्यात माझे वडीलही मला दिसतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्ण्याची गोटमार होते. तेथे माणसे रक्तबंबाळ होतात. ते योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. पण तेथे दगड झेलणारा स्वतःच्या पायांनी पात्रात उतरतो आणि वाटले तर घरी जातो. पटावरच्या बैलाला ती मुभा नाही. म्हणून अटी लिहिणाऱ्यांना माझे एवढेच विचारणे आहे: बैल थांबला, तर त्याचे थांबणे कोण वाचणार? शेपटी पिरगाळणारा हात ते वाचू शकत नाही.

हे सारे मी आज लिहितो आहे. परंतु एके काळी माझ्याही हातात कागद होता. १९८०च्या दशकात, नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत, एका आडवळणी तालुक्यात कांजी हाऊसच्या लिलावावर देखरेख करण्याचे काम माझ्याकडे आले. १८७१च्या गुरे अतिक्रमण कायद्याप्रमाणे मुदत संपलेली, मालक न आलेली जनावरे होती. त्यांत एक जोडी होती. ती जोडी आहे, हे दोघांच्या खांद्यावरच्या घट्ट्यांवरून आणि उभे राहण्यावरून कोणालाही कळले असते. जोडीला बोली लागली नाही. सुटी विकली गेली. एक बैल शेतकऱ्याकडे गेला, एक व्यापाऱ्याकडे. पहिला बाहेर नेला, तेव्हा दुसरा फाटकात बसला. दोनदा उठवला, दोनदा बसला. तिसऱ्यांदा शेपटी पिरगाळल्यावर उठला. मी पावतीवर सही केली. सर्व काही नियमाप्रमाणे झाले होते. हीरा-मोतीची कथा मी शाळेत असतानाच वाचलेली होती, आणि त्या दिवशी ती मला आठवली नाही.

वाङ्मय माणसाला सुधारते, असे व्याख्यानांत म्हणतात. माझा अनुभव इतका आशादायक नाही. वाचलेले योग्य वेळी आठवतेच असे नाही; पण ते जातही नाही. कितीतरी वर्षांनी, निवृत्तीनंतर, ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ पुन्हा वाचताना बक उठत नाही त्या पानावर मी थांबलो, आणि मला फाटकातला तो बैल दिसला. त्याने मला दोनदा काहीतरी सांगितले होते. माझ्याजवळ त्याची भाषा वाचण्यास लागणारी सर्व पुस्तके होती.

म्हणून त्या बैठकीतील विधानात एक दुरुस्ती सुचवून हा लेख संपवतो. त्यांचे कुत्रे आणि आपले बैल सारखे आहेत, हे खरे; पण ते मुके नाहीत. धर्मराजाने कुत्र्याला सोडून रथात चढण्यास नकार दिला, ही कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. स्वतःकरिता नाही म्हणू न शकणाऱ्याच्या वतीने माणसाने नाही म्हणावे, हा तिचा अर्थ मी आता घेतो. आपल्या मंडळातील जे तरुण लिहिते आहेत, त्यांनी कधी पटाची गोष्ट लिहावी. तिच्यात गुलाल असू द्यावा, धुरकऱ्याची आरोळी असू द्यावी, मालकाच्या डोळ्यांतले पाणीही असू द्यावे. फक्त बैल कुठे थांबला होता, तेवढे मात्र गाळू नये.